हिवाचा आठवडा आणि सतरा माणसांचे घर



आपल्या वर्धा जिल्ह्यात बर्फ पडत नाही. गारा पडतात. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात पडल्या तेव्हा शिवार पांढरे झाले होते, पण ते पांढरेपण घटकाभराचे आणि नुकसानीचे. बर्फात आठवडाभर अडकून पडलेले घर आपण चित्रातच पाहायचे. तरीही बर्फाचा आणि आपला संबंध नाही असे समजू नका. हिवाळ्यात पश्चिमेकडून ढगांची एक रांग येते, हिमालयावर बर्फ टाकून पुढे निघून जाते. तिच्या मागोमाग उत्तरेचा कोरडा वारा सुटतो. तो मैदानावरून सातपुडा ओलांडून आपल्या अंगणात येतो. आपल्याला समुद्र जवळ नाही. आभाळ निरभ्र असले की दिवसा तापलेली जमीन रात्री सगळी ऊब वर सोडून देते. मग पहाटे पाय भुईला टेकवत नाही.

हवामानखात्याची एक मोजपट्टी आहे. मैदानी भागात किमान तापमान १० अंशांवर किंवा त्याखाली आले आणि ते त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी कमी असले, म्हणजे थंडीची लाट म्हणायची. आपल्या भागात अशी लाट आली ती डिसेंबर २०१८ च्या शेवटच्या आठवड्यात. शनिवारी, २९ तारखेला, नागपूरला पारा ३.५ अंशांवर उतरला. त्याआधीचा तिथला नीचांक ३.९ अंशांचा, आणि तो १९३७ सालच्या जानेवारीतला! म्हणजे ऐंशी वर्षांत कोणी पाहिले नव्हते असे हिव आपण त्या आठवड्यात पाहिले.

नागपूरहून वर्ध्याकडे येताना रस्त्यावर आमचे केळझर लागते. तुमच्यापैकी पुष्कळांनी टेकडीवरच्या सिद्धिविनायकाचे दर्शन घेतले असेल. विदर्भातल्या अष्टविनायकांत त्याची गणना होते, आणि पांडवांची एकचक्रानगरी ती हीच, भीमाने बकासुर मारला तो इथेच, असे आमच्याकडची म्हातारी माणसे सांगतात. त्या आठवड्यात आमच्या घरात सतरा माणसे होती. आजेसासूबाई, मामंजी, सासूबाई, आम्ही तीन जावा आणि तिघे भाऊ, सहा लेकरे, बाळंतपणाला माहेरी आलेली नणंद आणि तिचे चौदा दिवसांचे बाळ. जेवायला सालदार धरला तर अठरा. एवढ्या माणसांनी तो आठवडा कसा काढला हे सांगते. त्यात काही गोष्टी अशा आहेत, की दर हिवाळ्यात प्रत्येक घरी उपयोगी पडाव्यात.

सोमवार, २४ डिसेंबर. आशाताई बाळाला पाहायला आल्या. दवाखान्यात बाळंतपण झाले तरी आशाताईंनी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येऊन बाळ बघायचे, अशी रीत देशभर २०११ पासून आहे. ही रीत निघाली ती आपल्याच विदर्भातून. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांत गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळे वाचवून दाखवली. १९९९ साली ते काम विलायतेतल्या मोठ्या वैद्यकीय पत्रिकेत छापून आले. थंडीपासून बाळाला जपण्यासाठी त्या बायांजवळ उबदार झोळीसारखी पिशवी असे.

आमचे बाळ जन्मले तेव्हा दोन किलोचे होते. अडीच किलोच्या खालचे बाळ म्हणजे कमी वजनाचे. अशा बाळाच्या अंगावर चरबी नसते, आणि ते मोठ्या माणसासारखे कुडकुडूनही ऊब धरू शकत नाही. थंडी वाजली तर ते रडत नाही, उलट गप्प होते. म्हणूनच गप्प बाळ पाहून घरातली माणसे म्हणतात, “किती शहाणं आहे!” आशाताईंनी काखेत तापमापक लावला, वजन केले आणि जाताना म्हणाल्या, “हिव वाढणार आहे. बाळाचे पाय दिवसातून चार वेळा हाताने पाहा. पाय गार आणि पोट गरम, तर बाळाला थंडी वाजते आहे. पाय आणि पोट दोन्ही गार, तर धोका.” एवढे साधे वाक्य! पण पुढच्या दोन रात्रींत ते आम्हाला सोन्याच्या मोलाचे ठरले.

मंगळवारी नाताळची सुटी आणि अंगारकी चतुर्थी एकाच दिवशी आली. टेकडीवर सकाळपासून माणसांची रीघ. घरात निम्म्या माणसांचा उपास. चंद्र उगवायचा रात्री नऊच्या सुमारास, तोवर हिवाने हातपाय वळलेले. नणंदेच्याही मनात उपास धरायचे होते. आजेसासूबाईंनी तिला एका वाक्यात गप्प केले, “तुया उपास तुया लेकरालेच घडन.” दूध पाजणाऱ्या बाईने थंडीच्या दिवसांत पोट रिकामे ठेवू नये, हे पुस्तकात वाचायला नको. तिच्यापुढे गरम भाकर, तुरीच्या सोल्यांची आमटी आणि तूप आले. देवाचा काही राग झाल्याचे ऐकिवात नाही.

त्या रात्री वारा पडला आणि थंडी जमिनीतून वर येऊ लागली. सासूबाईंनी बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्यांची शेगडी नेली, दाराखाली पोते लावले, खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या. त्यांच्या मनात मायेशिवाय दुसरे काही नव्हते. बाजेखाली शेगडी ठेवून बाळंतिणीला शेकायचे ही आपल्याकडची जुनी चाल आहे. मी शेगडी बाहेर आणली तेव्हा त्या रागावल्या.

“आमच्या सात बाळंतपणांत शेगडी होती. काई झालं का कोणाले?”

“आई,” मी म्हटले, “तेव्हा आपलं घर कुडाचं होतं आणि वर कवेलू. धूर कवेलातून निघून जाये, वारा कुडातून येत राहे. आता ही खोली स्लॅबची आहे. खिडकीला काच आहे. इथला धूर जाईल कुठं?”

वाचकहो, ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण दर थंडीत कुठे ना कुठे यापायी माणसे दगावल्याची बातमी पेपरात येते. कोळसा किंवा लाकूड कोंडलेल्या जागी जळाले, की पुरेशा हवेअभावी एक विषारी वायू तयार होतो. त्याला कार्बन मोनॉक्साइड म्हणतात. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना पाणी नाही. आपल्या रक्तातल्या तांबड्या द्रव्याला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. मग श्वास चालू असूनही अंगाला प्राणवायू मिळत नाही. डोके जड होते, मळमळते, झोप येते आणि ती झोप उघडत नाही. धूर दिसत नाही म्हणून निखारे निर्धोक, हा समज खोटा आहे. धुराचे लाकूड निदान खोकला आणून उठवते, निखारा तेवढेही करीत नाही. शेगडी पेटवायची तर दार-खिडकी उघडी ठेवून, जागे असताना. आणि निजण्यापूर्वी ती घराबाहेर.

सासूबाईंचा प्रश्न मात्र रास्त होता. “मंग लेकराले ऊब कशाची द्याची?”

त्याचे उत्तर बुधवारी रात्री द्यावे लागले. रात्री अकराच्या सुमारास नणंदेने हाक मारली. बाळ दोन-तीन घोट घेऊन सोडून देत होते. मी पाय पाहिले, गार. पोटाला हात लावला तर तेही कोमटच, नेहमीसारखे गरम नाही. सगळे घर उठून बसले. मोटरसायकल काढा, गाडी सांगा, असा गलका झाला. आशाताईंना फोन लावला. त्यांनी सांगितले तसे केले. बाळाचे ओलसर कपडे काढले, डोक्याला टोपरे, पायात मोजे, लंगोट तेवढा ठेवून बाळाला आईच्या उघड्या छातीवर, दोन्ही स्तनांच्या मधे उभे धरले. मान एका बाजूला, नाक मोकळे. दोघांना मिळून साडीच्या मऊ धडप्याने बांधले आणि वरून गोधडी. आई टेकून बसलेली, निजलेली नाही. थोड्या थोड्या वेळाने दूध. त्या म्हणाल्या, “तासाभरात पाय गरम झाले नाहीत किंवा बाळ दूध ओढेना झाले, तर थांबू नका, १०८ ला फोन करा. आणि दवाखान्यात नेतानाही बाळ असेच छातीवर ठेवून न्या.”

त्या तासाला घड्याळ फार हळू चालले. मामंजी ओसरीवर येरझारा घालत होते. सासूबाई बाळाचे पाय मुठीत धरून बसल्या होत्या. अर्ध्या तासाने त्याच म्हणाल्या, “गरम लागून राहिले वं.” थोड्या वेळाने बाळ चुरूचुरू प्यायला लागले. तापमापक लावला तर ९७.८. बाळाचे अंग ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइटच्या मधे असावे, असे आशाताईंनी सांगितलेच होते. गाडी सांगितली होती, ती तशीच परत पाठवली. त्या रात्रीनंतर शेगडीचे नाव सासूबाईंनी काढले नाही. पुढचे आठ दिवस बाळ पाळीपाळीने आईच्या आणि आजीच्या छातीवर होते. हो, आजीच्यासुद्धा! ऊब द्यायला कोणाचीही निरोगी छाती चालते, बापाचीही.

या रीतीलाही इतिहास आहे. १९७८ च्या सुमारास दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात, बोगोटा शहराच्या दवाखान्यात बाळांना उबेत ठेवायच्या पेट्या कमी पडत. तिथल्या डॉक्टरांनी कमी वजनाची बाळे आयांच्या छातीशी बांधली. कांगारू नावाचे जनावर पोटाच्या पिशवीत पिलू बाळगते, म्हणून तिला कांगारू रीत म्हणतात. आज जगभरचे मोठे दवाखाने ती वापरतात. वीज लागत नाही, पैसा लागत नाही.

त्याच बुधवारी घरावर दुसरे संकट होते ते गव्हाचे. आमचा गहू उशिराचा, ५ डिसेंबरला पेरलेला. पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांत गव्हाला मुकुटमुळे फुटतात. तेव्हाचे पाणी चुकले तर फुटवे कमी येतात, आणि मग कितीही खत टाका, उतारा भरून निघत नाही. म्हणजे ओलीत त्याच आठवड्यात करणे भाग. आणि शेतीची लाईन त्या आठवड्यात रात्रीची! शेजारी बोरचे जंगल. १९७० पासूनचे अभयारण्य, २०१४ पासून व्याघ्रप्रकल्प. रात्री रानडुकरांची भीती आणि वाघाची त्याहून.

थोरल्या भाऊजींनी ठरवले, की एकटा कोणी जाणार नाही. एक घरचा माणूस आणि सालदार अशी जोडी. दोघांजवळ टॉर्च, काठी आणि वाजता रेडिओ. पायात गमबूट, कारण थंडीत माणूस हवेने गारठतो त्यापेक्षा ओल्या पायांनी लवकर गारठतो. पिशवीत कोरडे मोजे आणि एक कोरडा सदरा. धुऱ्यावर उघड्यावर पऱ्हाटीची आगटी, आणि दर तासाला एकाने शेकायचे, एकाने बारे फोडायचे. थर्मासमध्ये आल्याचा चहा. ‘हिव जावे म्हणून थोडीशी’ घेण्याची गोष्ट कोणीतरी काढली, ती मामंजींनी तिथेच मोडली. आपला जिल्हा दारूबंदीचा आहे हे एक. दुसरे म्हणजे दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या फुगतात, घटकाभर गरम वाटते, पण पोटातली ऊब त्याच वाटेने बाहेर जाते. थंडीत प्यालेला माणूस न प्यालेल्यापेक्षा लवकर गारठतो, आणि त्याला ते कळतही नाही.

विहिरीचे पाणी मात्र कोमट होते. जमिनीच्या पोटातले पाणी वर्षभर जवळजवळ सारख्याच उष्णतेचे असते, म्हणून हिवाळ्यात ते उबदार लागते. याच कारणाने फार थंडीच्या रात्री हलके ओलीत केले, तर पिकाभोवती दोन-एक अंशांची ऊब राहते. भाजीपाल्याचा वाफा, केळी, लहान संत्र्याची कलमे यांना त्याचा आधार होतो. केळीला तर १० अंशांखाली मार बसतोच, पाने पिवळी पडतात, वाढ थांबते. हरभऱ्याची फुले गळतात. गव्हाला मात्र हीच थंडी मानवते, फुटवे फुटतात. संत्र्याच्या मोठ्या झाडाला थंडीत विसावा मिळतो आणि पुढे आंबिया बहार धरतो. एकाच घराच्या शेतात एकाच रात्री एक पीक रडते आणि दुसरे हसते, असा हा हिवाळा. म्हणून शेतकऱ्याने सगळा जीव एकाच पिकात घालू नये.

गुरुवारी गोठ्याची पाळी. गाय व्यालेली, वासरू दहा दिवसांचे. लेकरांनी वासराला पोत्याचे अंगरखे शिवले. पोत्याला चार पायांची जागा ठेवून पोटाखाली सुतळी बांधली. खाली सोयाबीनच्या कुटाराचा वीतभर थर, आणि ओले झाले की रोज बदल. गोठ्याच्या उत्तरेला कडब्याच्या पेंढ्यांचा आडोसा उभा केला, पण वरची फट मोकळी ठेवली, नाहीतर मुताच्या वाफेने गुरांचा श्वास कोंडतो. दुभत्या गाईला सरकीची ढेप थोडी वाढवली. थंडीत जनावराचा निम्मा चारा अंग तापवण्यातच जातो की काय असे वाटते! पाणी सकाळी हौदातले शिळे न देता विहिरीतले ताजे दिले, तेव्हा गाय पोटभर प्याली.

कापसाची वेचणी त्या आठवड्यात सकाळी दहानंतरच सुरू झाली. दहिवराने भिजलेला कापूस पोत्यात भरला तर आत पिवळा पडतो आणि भाव उतरतो. मजूर बायांनाही उन्हात हात उघडता येतात. संध्याकाळी तासभर कमी, पण माल कोरडा. हिशेब बसला.

शुक्रवारी रात्री मामंजींनी हुकूम काढला, “आज तीन खोल्यांत तीन बिऱ्हाडं नाही. सारे माजघरात.” दसऱ्यापासून आमच्या घरात वेगळ्या चुलीची बोलणी चालली होती. कोणाचे काही चुकले होते असे नाही. घर वाढले की असे होतेच. पण त्या रात्री सतरा अंथरुणे एका रांगेत पडली. खाली कडबा, त्यावर पोती, त्यावर सतरंज्या, वर गोधड्या. भिंतीकडेला म्हातारी माणसे नाहीत, कारण भिंत गार. ती मधे, आणि लेकरे त्यांच्या दोन्ही अंगांना. बाळ-बाळंतीण वेगळ्या बाजेवर, म्हणजे अंधारात कोणाचा हात-पाय बाळावर पडायला नको. एक खिडकी चार बोटे उघडी. सतरा माणसांच्या श्वासानेच खोली उबली. आजेसासूबाईंनी जुन्या हिवाच्या गोष्टी सांगितल्या. लेकरे ऐकता ऐकता निजली. शनिवारची ती पहाट सगळ्यांत गार होती, आणि आमच्या घरात सगळ्यांत शांत झोप त्याच रात्री लागली.

सकाळी म्हाताऱ्यांना ऊन आल्याशिवाय उठू दिले नाही. थंडीत रक्तवाहिन्या आखडतात, रक्तदाब चढतो, आणि पहाटे गोधडीतून एकदम उठून गार पाण्याने तोंड धुणे वयस्कर हृदयाला झेपत नाही. आंघोळ दुपारी, बंबाच्या पाण्याने. त्यांना तहान लागत नाही, म्हणून विचारून विचारून कोमट पाणी दिले. रक्तदाबाची गोळी चुकू दिली नाही.

रविवारी पेपरात ३.५ चा आकडा वाचला आणि मग लेकरांना एकदम थंडी वाजू लागली! त्या दिवशी मळ्यात रोडगे केले. जाडसर कणीक, मोहन घालून घट्ट मळलेली, घडीवर घडी देऊन गोळे, गोवऱ्यांच्या लाल विस्तवात भाजलेले. राख झटकून फोडायचे, तूप ओतायचे. सोबत वांग्याची भाजी आणि तुरीचे वरण. सगळ्यांनी धुऱ्यावर उन्हात बसून खाल्ले. गव्हाला पाणी मिळाले होते, वासरू उड्या मारत होते आणि बाळ छातीवर निजले होते.

पुढे २०२१ मध्ये आमच्या चुली वेगळ्या झाल्या. भांडण न होता, मामंजींच्या देखत. पण थंडीची लाट आली की माजघरात अंथरुणे अजून एकत्र पडतात, आणि त्याबद्दल कोणाला सांगावे लागत नाही. ते दोन किलोचे बाळ आज शाळेत जाते. काही शिवारांत सौरपंप आले आहेत. तिथे ओलीत दिवसा होते आणि रात्रीची भीती गेली आहे. सगळीकडे नाही.

मायबहिणींनो, यंदाच्या हिवाळ्यासाठी चार गोष्टी आजच करून ठेवा. बाळाचे टोपरे-मोजे आणि एक तापमापक घरात असू द्या. गावातल्या आशाताईंचा फोन नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा, घरातल्या शाळकरी मुलालाही तो पाठ करायला लावा. शेगडी रात्री कुठे ठेवायची ती जागा घराबाहेर ठरवून टाका. आणि रात्रीच्या ओलिताला आपल्या घरचा माणूस एकटा जाऊ देऊ नका. शेजाऱ्याशी आळीपाळी बांधा, त्याचेही काम होईल.

तुमच्या गावी थंडीच्या दिवसांत लेकराबाळांसाठी, गुरांसाठी काय करतात ते अवश्य लिहून कळवा. कोणाच्या घरची साधी युक्ती दुसऱ्याच्या घरचा जीव वाचवते. पुढच्या आठवड्यात संक्रांतीच्या तिळाविषयी आणि शेतात तीळ का कमी झाला याविषयी बोलू.